घर लावून गाव बघायला

कॅरॅव्हान घेतली की पहिली गोष्ट कळते ती ही, की ती मागे जोडलेली असताना काहीही बघता येत नाही. समुद्राच्या कड्यावरच्या छोट्या पार्किंगमध्ये ती मावत नाही. डोंगरावर जाणाऱ्या अरुंद रस्त्याच्या तोंडाशीच कॅरॅव्हानला मनाई असल्याची पाटी असते. आणि पुढे रस्ता बंद असलेल्या एखाद्या गल्लीत शिरलात, तर ती मागे घेत बाहेर येणं हा त्या गल्लीसाठी अर्ध्या तासाचा जाहीर कार्यक्रम होतो. मिरजेहून फोन करणाऱ्या माझ्या बहिणीच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र असतं : आम्ही दोघं पडदे सारून खिडकीशी बसलोय, हातात चहा आहे आणि ऑस्ट्रेलिया देश शेजारून सरकतोय. तिला सांगते, अगं, चालत्या कॅरॅव्हानमध्ये बसायला कायद्यानंच बंदी आहे. ती म्हणजे गाडीमागून ओढत न्यायचं घर. बघणं सुरू होतं ते हे घर कुठंतरी नेऊन, सोडवून, उभं केल्यावर.

आपल्याकडे कॅरॅव्हान म्हटलं की लोकांना इंजिन असलेली मोठी गाडी आठवते, नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅनसारखी. तशा गाड्या इथेही आहेत, पण म्हाताऱ्या जोडप्यांची पसंती बिनइंजिनाच्या कॅरॅव्हानला. कारण साधं आहे. मुक्कामावर घर राहतं आणि गाडी मोकळी होते. दूध आणायला सगळं बिऱ्हाड घेऊन जावं लागत नाही.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहतो. हे मूळचे सांगलीकडच्या साखर कारखान्यातले इंजिनिअर. इथे आल्यावर निवृत्तीपर्यंत पाण्याचे पंप दुरुस्त करत राहिले. मी एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघायचे. मुलं आपापल्या घरी गेल्यावर ह्यांनी एक जुनी सतरा फुटी कॅरॅव्हान पसंत केली. मी म्हटलं, "अहो, एवढ्या पैशांत हॉटेलं किती झाली असती!" तर म्हणाले, "हॉटेलात तुला फोडणी करू देतील का?" या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घर ओढण्याचं शास्त्र थोडक्यात सांगते, कारण भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हानचं तोंड बसतं. कॅरॅव्हानच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार त्या गोळ्यावर यावा लागतो. आमचं घर भरल्यावर अठराशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे पुढे एकशेऐंशी किलो हवेत. हौसेनं पिठाचे डबे, कुकर, पाट्याचा दगड असं सगळं मागच्या कपाटात भरलं, तर पुढचा भार कमी होतो आणि वेग वाढला की मागचं घर डावीउजवीकडे हेलकावे खायला लागतं. समोरून येणाऱ्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्यानं ते वाढतात. अशा वेळी जोरात ब्रेक दाबणं घातक ठरतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढून घ्यायचा आणि कॅरॅव्हानचे ब्रेक वेगळे लावता येतात ते लावायचे. म्हणून आमच्या घरात डाळ-तांदूळ चाकांच्या बरोब्बर वर असतात. पाट्याचा दगड आणायचा नाही, हे लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी निक्षून सांगितलं.

घर मागे घेणं हा दुसरा विषय. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरॅव्हान डावीकडे जाते, त्यामुळे अनुभवी माणसं स्टिअरिंग खालच्या बाजूनं धरतात. मग हात जिकडे सरकेल तिकडे घराची पाठ वळते. मी मागे उभी राहून हात दाखवते. आमचा नियम एकच : आरशात मी दिसेनाशी झाले की थांबायचं. कॅरॅव्हान पार्कात संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलेली मंडळी नव्या जोडप्याचं हे कवायतकाम मोठ्या आवडीनं बघतात. कितीतरी संसारांची खरी परीक्षा तिथं होत असावी.

लांबच्या प्रवासात आमची अशी सवय पडली आहे, की रस्ता कापायचा तो सोमवार ते शुक्रवार, आणि शनिवार-रविवार एकाच गावात. निवृत्त माणसांना कसला आलाय वीकेंड, असं कुणी म्हणेल. पण ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावांना वीकेंड असतो. तिथली संग्रहालयं बहुतेक वेळा गावातले निवृत्त स्वयंसेवक चालवतात आणि आठवड्यात काही ठरावीक तासच उघडतात, त्यात रविवारची दुपार असते. बाजार शनिवारी सकाळी भरतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं शहर बाहेर पडतं, त्यामुळे त्यानंतर जागा शोधणाऱ्याला कॅरॅव्हान पार्कात संडासाशेजारची जागा मिळते किंवा मिळतच नाही. म्हणून शुक्रवारी तीनच्या आत घर लावायचं आणि रविवारच्या रात्रीपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

मेलबर्नहून ॲडलेडला जाताना असा शनिवार-रविवार आम्ही काढला माउंट गॅम्बियरला. दोन्ही शहरांपासून साधारण सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरवर, जवळपास मधोमध असलेलं हे गाव. साउथ ऑस्ट्रेलियात ॲडलेडनंतरचं सर्वांत मोठं शहर हेच, तरी आपल्या मोजमापानं तालुक्याचं ठिकाण. ग्रेट ओशन रोडवर आपली मंडळी बसनं एका दिवसात जाऊन येतात, समुद्रातल्या खडकांपुढे फोटो काढतात आणि रात्री दमून घरी पोचतात. त्याच किनाऱ्याच्या थोडं पुढे हे गाव आहे, पण तिथं मराठी बोललेलं क्वचितच ऐकू येतं.

राज्याची हद्द ओलांडायच्या आधी एक काम असतं. साउथ ऑस्ट्रेलियात फळमाशीचा शिरकाव होऊ नये म्हणून बाहेरची ताजी फळं-भाज्या आत न्यायला बंदी आहे. अधूनमधून रस्त्यावर तपासणी होते आणि दंड जबर आहे. शिजवलेलं मात्र चालतं. त्यामुळे हद्दीअलीकडच्या डार्टमूर या खेड्यात, ग्लेनेल्ग नदीच्या काठी, मी गॅस बाहेर काढला. होत्या नव्हत्या टोमॅटोंची चटणी झाली, मिरच्या तेलावर परतून ठेचा झाला, वांग्यांचं भरीत झालं. कढीपत्ता कचऱ्याच्या डब्यात टाकताना जीव तुटला. डार्टमूरमध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी लावलेली झाडं आहेत. ती म्हातारी झाल्यावर मुळासकट काढण्याऐवजी त्यांची उभी खोडं करवतीनं कोरून शिल्पं केली आहेत. सैनिक, परिचारिका, निरोप घेणारी घरची माणसं. भरीत निवेपर्यंत ती बघून झाली.

हद्द ओलांडली की घड्याळ अर्धा तास मागे जातं. जगात बहुतेक देशांची वेळ पूर्ण तासांनी बदलते. अर्ध्या तासाचं वळण भारताचं, साउथ ऑस्ट्रेलियाचं आणि आणखी मोजक्या जागांचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची लागवड सुरू होते आणि ओंडके भरलेले लांबलचक ट्रक समोरून येतात. ट्रकवाले रेडिओच्या चाळीस नंबरच्या चॅनलवर बोलत असतात, कॅरॅव्हानवाल्यांची गप्पांची जागा अठरा नंबरवर. आम्ही दोन्ही ऐकतो. पहिल्यावर शिव्या, दुसऱ्यावर पेट्रोलचे भाव.

कॅरॅव्हान पार्कात पोचल्यावर पुढचा तास ठरलेला : स्पिरिट लेव्हल ठेवून घर समपातळीत आणायचं, चाकांना अडण्या लावायच्या, चारी कोपऱ्यांतले पाय खाली सोडायचे, पिण्याच्या पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, विजेची वायर. इथली कॅरॅव्हानची पिन घरातल्या साध्या सॉकेटमध्ये जात नाही, तिला पंधरा अँपिअरचं वेगळं सॉकेट लागतं; ते प्रत्येक जागेच्या खांबावर असतं. संडासाची पेटी नेमून दिलेल्या जागी रिकामी करायची असते. आमच्याकडे ते खातं ह्यांचं. रात्रीचे साधारण पन्नास-साठ डॉलर पडतात आणि त्यात गरम पाण्याच्या न्हाण्या, सार्वजनिक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रं येतात. त्या स्वयंपाकघरात माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली, तेव्हा शेजारचे आजोबा धावत गॅसचा नळ बंद करायला आले होते. दुसऱ्या शिट्टीला त्यांनी आत काय आहे विचारलं आणि तिसऱ्या शिट्टीनंतर वाटी घेऊन आले.

शनिवारी सकाळी गाडी हलकी वाटते. मागे काही नाही. पाच मिनिटांत आम्ही गावाच्या मधोमध होतो, आणि गावाच्या मधोमध एक भोक आहे. खरंच भोक. केव्ह गार्डन नावाच्या बागेत, ग्रंथालयाला लागूनच, जमीन एकदम खचून खोल विवर झालंय, कडेनं गुलाब लावलेत. गोऱ्या वसाहतवाल्यांचा सुरुवातीचा पाणवठा हाच होता. त्याच्याभोवती गाव वाढलं.

हे भोक समजून घ्यायला पायाखालचा दगड समजून घ्यावा लागतो, आणि इथंच मला आपला महाराष्ट्र फार आठवला. आपला सह्याद्री लाव्हाचा, बेसॉल्टचा. बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही. म्हणून आपल्याकडची लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्यानं खोदलेली आहेत. अजिंठ्याला किंवा वेरूळला निसर्गानं आयती गुहा दिली नाही. माउंट गॅम्बियरखाली चुनखडी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, त्यातल्या जीवांचे शंख-शिंपले आणि सांगाडे तळाशी साचून हा दगड झाला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि असा दगड बत्ताशासारखा विरघळवतं. आधी भेगा, मग पोकळ्या, मग गुहा, आणि एक दिवस गुहेचं छत खाली. हा दगड गावात सगळीकडे घरांच्या भिंतींतही बघता येतो : पांढरट, मऊ, करवतीनं कापता येणारा. हे प्रत्येक जुन्या इमारतीला नखानं ओरखडा काढून बघत होते. मी चार पावलं लांबून चालत होते.

या सच्छिद्र दगडामुळे गावात आणखी एक मजा आहे. इथं नदी नाही, ओढाही नाही. रस्त्यांवरचं आणि छपरांवरचं पावसाचं पाणी शेकडो बोअरमधून आणि अशा विवरांतून सरळ जमिनीत सोडलेलं आहे. ते चुनखडीतून झिरपत हळूहळू सरकतं आणि त्यातलं बरंचसं गावाच्या दक्षिण टोकाच्या एका तळ्याच्या दिशेनं जातं. त्या तळ्यातून पाणी उपसून, शुद्ध करून गावाला प्यायला देतात. म्हणजे रस्त्यावर पडलेला पाऊस पुढे काही वर्षांनी नळाला. एकोणिसाव्या शतकापासून ही पद्धत चालू आहे. पंपांत आयुष्य घालवलेला माणूस सोबत असल्यावर या माहितीवर किती वेळ जातो, ते विचारू नका.

त्या तळ्याचं नाव ब्लू लेक. बोंडिक या इथल्या मूळ लोकांच्या भाषेत वारवार. ते एका मृत म्हणवल्या जाणाऱ्या ज्वालामुखीच्या विवरात आहे, सत्तर मीटरच्या वर खोल आहे, काठाच्या वरून साडेतीन किलोमीटरची पायवाट आहे. हिवाळ्यात त्याचं पाणी करडं, पोलादी असतं. नोव्हेंबरमध्ये काही दिवसांत ते गडद निळं होतं आणि मार्चपर्यंत तसं राहतं. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीला होतो. फोटोत रंग वाढवलाय असं वाटेल असा तो निळा. बुलढाण्यातल्या लोणारची आठवण आल्याशिवाय राहत नाही. लोणारचं विवर उल्केच्या आघातानं झालेलं आणि पाणी खारं; २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचं सांगितलं होतं. ब्लू लेकचा रंग जिवंत गोष्टीचा नाही. उन्हाळा लागला की वरचं पाणी तापतं, त्यात विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही, त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. हे स्फटिक खाली जाताना पाण्यातलं तपकिरी सेंद्रिय द्रव्यही सोबत नेतात, पाणी स्वच्छ होतं आणि उरलेले कण निळा प्रकाश विखुरतात. एरवी नळाच्या तोटीवर आणि हिटरच्या कॉइलवर ज्या पांढऱ्या थराला आपण शिव्या घालतो, तोच चुना.

ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे तेव्हा माणसं इथं होती. बोंडिक लोकांची एक कथा पाटीवर वाचली आणि मग दिवसभर डोक्यातून गेली नाही. क्रेटबूल नावाचा राक्षसासारखा धिप्पाड माणूस बायकोमुलांसह भुताच्या भीतीनं पळत होता. एका डोंगरावर त्यानं जमिनीतली चूल केली, तिथून पळाला, दुसऱ्यावर केली, तिथूनही पळाला. शेवटी इथं चूल पेटवली तर खालून पाणी आलं आणि चूल विझली. त्यानं शेजारी दुसरी केली, तीही विझली. चार वेळा. भूशास्त्रज्ञ काय सांगतात? वर येणारा तप्त रस चुनखडीतल्या भूजलाला भिडला, पाण्याची एकदम वाफ झाली, स्फोट झाले, शेजारी-शेजारी विवरं पडली आणि पुढे ती पाण्यानं भरली. अग्नी, खालून येणारं पाणी, एकामागून एक खड्डे. भूशास्त्राच्या पुस्तकाआधी ही हकिगत हजारो वर्षं तोंडोतोंडी चालत आली होती, असं मला तरी वाटतं. चार तळ्यांपैकी दोन आता कोरडी आहेत, भूजलाची पातळी उतरल्यामुळे.

तळ्याच्या काठावर एक ओबेलिस्क आहे. ॲडम लिंडसे गॉर्डन नावाच्या कवीनं १८६४ मध्ये घोड्यावरून इथल्या कुंपणापलीकडे, अगदी कड्याच्या ओठावर उडी मारली आणि परतही आला, म्हणून. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा अर्धपुतळा आहे. कवितेसाठी बरं का, उडीसाठी नव्हे. पण गावानं स्मारक उडीचं केलं.

संध्याकाळी अम्फरस्टन सिंकहोल. लाकूडकापणीच्या कारखान्याला लागून हे विवर आहे, हे सांगितलं तर कुणी जाणार नाही. पण कठड्यावरून खाली पाहिलं की शब्दच सुचत नाहीत : गुहेचं छत कोसळून झालेला प्रचंड गोल खड्डा, त्याच्या भिंतींवरून खाली लोंबणाऱ्या वेलींचे पडदे आणि तळाशी आखीव बाग. जेम्स अम्फरस्टन या जमीनमालकानं १८८० च्या दशकात ती स्वतःच्या हौसेसाठी केली आणि लोकांना खुली केली. तेव्हा तळाशी छोटं तळं होतं, त्यात होडी चालायची. पाणी पुढे आटलं, बाग दुर्लक्षित राहिली, कचरा टाकायची जागा झाली. मग गावातल्याच स्वयंसेवकांनी ती उपसून पुन्हा उभी केली. उन्हाळ्यात आठ वाजले तरी उजेड असतो. तो मावळला की भिंतींतल्या कपारींतून पॉसम बाहेर येतात, मांजराएवढे, मोठ्या डोळ्यांचे. पोरं सफरचंदाचे तुकडे घेऊन उभी असतात. आम्ही गाडीनं मुक्कामापासून दहा मिनिटांवर होतो, परतायची घाई नव्हती, जेवण तयार होतं. हॉटेलात उतरलेल्या माणसाला साडेआठला स्वयंपाकघर बंद होईल ही धास्ती असते. छोट्या गावात ते खरंच बंद होतं. आम्ही भरीत-भाकरी खाल्ली. भाकरी तव्यावर बऱ्या होतात, पण कॅरॅव्हानच्या शेगडीवर फुगत नाहीत, हे नमूद करते.

रविवारी उत्तरेला. पन्नासेक किलोमीटरवर पेनोला आणि त्याला लागून कूनावारा. इथं चुनखडीवर लाल मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे, पंधराएक किलोमीटर लांब आणि रुंदीला किलोमीटर-दोन किलोमीटर. लाल माती, खाली पाणी धरणारी चुनखडी. द्राक्षाच्या वेलीला आणखी काय हवं? जॉन रिडक यानं १८९० च्या सुमाराला इथं वेली लावल्या आणि पुढे कुठली जमीन या पट्ट्यात येते यावर वाद झाले. तासगावच्या बागाईतदाराला इथं आणून सोडावं, दोन दिवस बाहेर येणार नाही. रस्त्याच्या एका बाजूला लाल माती, थोडं पुढे गेलं की काळी. वेलींच्या ओळी लालवर थांबतात. एवढं उघड कारण-परिणाम शेतात क्वचित दिसतं.

पेनोलात ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या कॅथलिक संताची शाळा आहे. मेरी मॅककिलप हिनं १८६६ मध्ये इथं एका तबेल्यात गरिबांच्या मुलांची शाळा सुरू केली. तिच्या ननांच्या संघानं बिशपांचं ऐकलं नाही म्हणून १८७१ मध्ये तिला धर्मबहिष्कृत केलं गेलं, पुढच्याच वर्षी तो बहिष्कार मागे घेतला आणि २०१० मध्ये पोपनी तिला संत घोषित केलं. पैठणच्या ब्राह्मणांकडून शुद्धिपत्र मागायला गेलेल्या आपल्या आळंदीच्या भावंडांची कथा ठाऊक असलेल्याला यात नवल वाटू नये. मला जास्त रस वाटला तिच्या सहकारी पाद्र्यात. ज्युलियन टेनिसन वुड्स. धर्मोपदेशासाठी घोड्यावरून हा सगळा मुलूख फिरताना तो दगड गोळा करायचा, गुहांत उतरायचा; साउथ ऑस्ट्रेलियाच्या भूरचनेवर त्यानं १८६२ मध्ये पुस्तक लिहिलं. शाळा आणि चुनखडी एकाच माणसाच्या खोगिरावरून फिरत होती.

आणखी पन्नास किलोमीटरवर नाराकूर्टच्या गुहा. १९९४ पासून जागतिक वारसास्थळ. इथंही छताला पडलेली भोकं आहेत, आणि हजारो वर्षं रात्री चालणारे प्राणी त्यांत पडत राहिले. वर चढता आलं नाही, तिथंच मेले, वरून माती येऊन झाकले गेले. १९६९ मध्ये रॉड वेल्स आणि ग्रँट गार्ट्रेल हे गुहाशोधक एका फटीतून सरपटत पलीकडे गेले तेव्हा त्यांच्यापुढे हाडांनी भरलेलं दालन होतं. आता तिथं लाकडी वाट आहे. पाच लाख वर्षांचा काळ या गुहांच्या थरांत साठलेला आहे : बिबट्याएवढा, पिशवीत पिलू ठेवणारा मांसाहारी प्राणी, आखूड तोंडाचे थोराड कांगारू, भला मोठा अजगरासारखा साप, ज्याच्या शास्त्रीय नावातच नाराकूर्ट आहे. आत हवा वर्षभर सतराएक अंशांची, बाहेरच्या उन्हातून गेलं की अंगावर शाल हवी. एका गुहेत वटवाघळांची बाळंतपणं होतात. ही जात आता अत्यंत दुर्मीळ झाली आहे, म्हणून आत कुणाला सोडत नाहीत. इन्फ्रारेड कॅमेऱ्यांतून पडद्यावर बघायचं. पिल्लं एकमेकांना चिकटून लोंबत होती आणि आया येऊन बरोबर आपापलं शोधत होत्या.

परतताना ह्यांनी हिशेब मांडला. दोन दिवसांत गाडी अडीचशे किलोमीटरही चालली नव्हती, आणि सगळं बघितलेलं एकाच दगडाचं होतं : भोक, तळं, बाग, घरं, द्राक्षं, हाडं. रोज मुक्काम हलवला असता तर यातलं निम्मं रस्त्यात आणि निम्मं घर लावण्यात गेलं असतं. इथले मुरलेले कॅरॅव्हानवाले, ज्यांना गमतीनं ग्रे नोमॅड म्हणतात, ते याहून पुढे गेलेले आहेत. शेजारच्या जागेवरचं क्वीन्सलंडचं जोडपं दोन आठवडे तिथंच होतं. काय बघितलं विचारलं तर आजी म्हणाल्या, अजून ग्रंथालयातलं वाचून झालं नाही.

महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा ह्यांचे पुण्यातले मित्र उत्साहानं गाड्यांच्या किमती विचारत होते. माझं मत असं, की गाडी हा सोपा भाग. अवघड आहे ती गाडी उभी करायची जागा : रात्री निर्धास्त झोपता येईल अशी, पिण्याच्या पाण्याचा नळ, विजेचा खांब, स्वच्छ न्हाणी आणि संडासाची पेटी ओतायला नीट सोय असलेली. इथे लहानशा गावालाही असं पार्क असतं, पुष्कळदा गावच्या कौन्सिलच्या जागेत, आणि त्या दोन रात्रींचं दूध, डिझेल, पाव, गुहेचं तिकीट हे सगळं गावातच खर्च होतं. गुहागरला किंवा भंडारदऱ्याला अशी वीस घरांची जागा झाली तर बाकीचं लोक आपणहून करतील. गाड्या घेऊन ठेवल्या आणि रात्री त्या ढाब्याच्या अंगणात उभ्या कराव्या लागल्या, तर बायका दुसऱ्यांदा जाणार नाहीत. मी तर नाहीच.

माउंट गॅम्बियरला जायचं मनात असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा, म्हणजे तळं निळं सापडेल. शाळेच्या सुट्ट्या आणि लाँग वीकेंड टाळा; तेव्हा पार्कवाले किमान दोन-तीन रात्रींचं बंधन घालतात आणि पोरांच्या उड्या मारायच्या हवेच्या गादीशेजारची जागा देतात. नाराकूर्टच्या मार्गदर्शकासह असलेल्या फेऱ्या आधी आरक्षित करा. आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत जागा रिकामी करायची असते, त्यामुळे विजेची वायर, दोन्ही पाइप, पाय आणि अडण्या काढून झाल्यावर, एकानं गाडीत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं मागे उभं राहून दिवे लागतात का ते ओरडून सांगायचं. आमच्यात ओरडायचं काम माझ्याकडे आहे.